कर शून्य, खर्च हजाराचा

जून उजाडला की ठाणे स्टेशनच्या आसपासच्या झेरॉक्सच्या दुकानांवर एक फलक हमखास चढतो. पॅन कार्ड, गुमास्ता, भाडेकरार, पासपोर्ट फोटो या यादीत तळाशी लाल अक्षरात 'आयटीआर भरून मिळेल', म्हणजे आयकराचं रिटर्न. किसननगर, लोकमान्य नगर, कळवा, खाडीपलीकडे दिघा, ऐरोली, तुर्भे, सगळीकडे हेच. झेरॉक्सचा दर भिंतीवर असतो, लॅमिनेशनचा असतो. आयटीआरचा कुठेही लिहिलेला नसतो. गिऱ्हाईक बघून पाचशे सांगतात. 'बँकेसाठी पाहिजे' म्हटलं की दीड हजार. आणि समोर खुर्चीवर पॅन-आधार हातात धरून बसलेल्यांतल्या बहुतेकांना त्या वर्षी एक पैसाही आयकर लागू नसतो.

यावर नेहमीचा सल्ला असा की लोकांनी साक्षर व्हावं, आयकर खात्याचं पोर्टल फुकट आहे, घरबसल्या रिटर्न भरावं. सल्ला बरोबर आहे, पण तो प्रश्नाच्या शेपटाला हात घालतो. माझं म्हणणं असं की ज्याचा कर शून्य आहे त्याच्या कमाईतून सरकारने आधी पैसे कापूच नयेत, आणि कापले गेलेच तर अर्ज-विनंती करायला न लावता परत द्यावेत. रिटर्न स्वस्तात कसं भरायचं, हा त्यानंतरचा प्रश्न.

आधी कायदा काय म्हणतो ते पाहू, कारण दुकानात तो निम्माच सांगितला जातो. २०२५-२६ या वर्षासाठी नव्या करप्रणालीत चार लाखांपर्यंत करपात्र उत्पन्न असेल तर साधारणपणे रिटर्न भरायची सक्तीच नाही. पगारदाराला ७५,००० रुपयांची प्रमाणित वजावट मिळते, म्हणजे महिना ३५,००० पगार असणारा या रेषेच्या आतच राहतो. चार लाखांच्या वर आणि बारा लाखांपर्यंत असाल तर कर आकारला जातो आणि सवलतीने पुन्हा शून्यावर येतो. रिटर्न मात्र भरावंच लागतं. काही अपवाद आहेत: वर्षात वीजबिल लाखाच्या वर गेलं, परदेशवारीवर दोन लाखांपेक्षा जास्त खर्च केला, २५,००० किंवा त्याहून जास्त टीडीएस (पैसे देणाऱ्यानेच आधी कापून सरकारजमा केलेला कर) कापला गेला, तर उत्पन्न कमी असलं तरी रिटर्न सक्तीचं. चाळीत भाड्याने राहणाऱ्या कुटुंबाला यातला टीडीएसचाच मुद्दा लागू पडण्याची शक्यता. तेव्हा दुकानात शिरण्याआधी विचारायचा पहिला प्रश्न 'किती घेणार?' हा नाही, 'मला भरायची गरज आहे का?' हा आहे. दुकानदार त्याचं उत्तर 'नाही' असं कधी देणार नाही, आणि त्याला दोष तरी कसा द्यायचा, त्याचा धंदा आहे तो.

आता यातली गंमत बघा. रबाळ्याच्या एका कारखान्यात सुपरवायझर आहे, महिना पन्नास हजार, घरात कमावता एकटा. वर्षाचे सहा लाख, वजावट जाऊन सव्वापाच. कर शून्य. पण ३१ जुलैची तारीख चुकली तर विलंब शुल्क ५,००० रुपये, कारण उत्पन्न पाच लाखांच्या वर आहे. पाच लाखांच्या आत असता तर १,०००. म्हणजे सरकारचं ज्याच्याकडे काहीही येणं नाही, त्याने 'माझ्याकडे तुमचं काही येणं नाही' हे उशिरा कळवलं म्हणून पाच हजार. पन्नास हजार पगाराला ठाण्यात कुणी गरीब म्हणणार नाही, पण भाडं, शाळेची फी आणि गावाकडे पाठवायचे पैसे काढले की उरतं किती हे ज्याचं त्याला ठाऊक. कर चुकवणाऱ्याला दंड असावा. शून्य कराच्या कागदाला इतका दंड कशासाठी?

तरी हा सुपरवायझर सुदैवी म्हणायचा. तो पगारदार आहे, त्याला फॉर्म सोळा, म्हणजे पगाराचा आणि कापलेल्या कराचा दाखला मिळतो, 'सहज' नावाचा साधा फॉर्म चालतो. खरी कोंडी आहे ती कागदावर पगारदार नसलेल्यांची. कळव्याची ओळखीतली एक मुलगी एका खासगी लॅबमध्ये रिपोर्ट टाइप करते. सकाळी नऊ ते सहा, रविवारी सुट्टी, वरिष्ठांची बोलणी, सगळं नोकरीसारखं. पगार १८,०००. बँकेचा मेसेज येतो १६,२०० चा. दोन वर्षं ती घरी सांगत होती की माझा पीएफ कापतात. पीएफ नव्हताच. लॅबने तिला 'सल्लागार' दाखवलं होतं आणि दहा टक्के टीडीएस कापून सरकारजमा करत होते. वर्षाचे २१,६००, म्हणजे एका महिन्याच्या पगाराहून जास्त. पोर्टलवर तिचं २६एएस, म्हणजे पॅनवर जमा झालेल्या कराचा तक्ता, उघडलं तेव्हा महिन्यामागून महिना १,८००, १,८०० अशी ओळ दिसली. लॅबने पैसे खाल्ले नव्हते, इमानेइतबारे भरले होते. सरकारच्या तिजोरीत तिच्या पॅनच्या नावाने ते पडून होते.

तिचं उत्पन्न दोन लाख सोळा हजार. टीडीएस पंचवीस हजारांच्या आत. म्हणजे कायद्याने तिला रिटर्नची सक्ती नाही. पण रिटर्न भरल्याशिवाय पैसे परत नाहीत. दुकानात विचारलं तर उत्तर आलं, हे 'सहज'मध्ये बसत नाही, धंद्याचं रिटर्न आहे, 'सुगम' लागेल, पंधराशे होतील. तांत्रिकदृष्ट्या दुकानदाराचं चुकत नव्हतं: ज्याच्यावर टीडीएस व्यावसायिक फी म्हणून कापला आहे त्याने तो पगार म्हणून दाखवला तर खात्याची संगणक यंत्रणा विसंगती पकडते आणि नोटीस येते. नोकरीचे फायदे नाहीत, वर धंदेवाल्याचा फॉर्म आणि धंदेवाल्याची फी. शिवाय मुदत सरल्यावरचं रिटर्न ३१ डिसेंबरपर्यंतच भरता येतं. ती तारीख गेली की नंतर भरता येणाऱ्या 'अपडेटेड' रिटर्नमध्ये परतावा मागता येत नाही. उशीर माफ करा असा वेगळा अर्ज आयकर अधिकाऱ्यांकडे करावा लागतो, आणि पंधराशे रुपये जड जाणारी मुलगी तो करायला जात नाही. तिचं पहिलं वर्ष असंच गेलं.

अशी माणसं ठाणे आणि नवी मुंबई या आपल्या दोन शहरांत ढिगाने आहेत. ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एमआयडीसीत ठेकेदारामार्फत काम करणारे, बाजार समितीत टेम्पो लावणारे, क्लासमध्ये तासावर शिकवणारे, हॉस्पिटलात तंत्रज्ञ, इव्हेंटवाल्यांकडे डेकोरेशन करणारे. कुणाचा एक टक्का कापतात, कुणाचे दहा. पॅन दिलं नसेल, किंवा आधारशी जोडलेलं नसल्याने निष्क्रिय झालं असेल, तर वीस. यातल्या कित्येकांना आपलं काही कापलं जातं हेच माहीत नसतं, कारण हातात येतो तोच पगार अशी समजूत.

आणि इथे कायद्याचा पक्षपात उघडा पडतो. बँकेत मुदत ठेव ठेवणाऱ्याला सोय आहे: माझं उत्पन्न करपात्र नाही, व्याजावर टीडीएस कापू नका, असं एका फॉर्मवर लिहून दिलं की काम होतं. मार्च २०२६ पर्यंत ते होते १५जी, आणि ज्येष्ठांसाठी १५एच. पिढ्यान् पिढ्या आपले आजी-आजोबा एप्रिलमध्ये बँकेत जाऊन हे फॉर्म भरत आले आहेत. पण कंत्राटी कामाच्या किंवा व्यावसायिक फीच्या रकमेसाठी हा फॉर्म चालत नाही. तिथे कमी दराने कापण्याचा दाखला आयकर खात्याकडून आणावा लागतो. ठेवीवर व्याज खाणाऱ्याचा शब्द सरकार मानतं, अंगमेहनतीने कमावणाऱ्याचा मानत नाही. वर्षाला चार लाखांच्या आत ज्यांना पैसे दिले जातात त्यांच्याकडून असाच एक पानाचा फॉर्म घ्यायची मुभा ठेकेदाराला, लॅबला, क्लासवाल्याला का असू नये? नव्या आयकर कायद्याने, म्हणजे १ एप्रिल २०२६ पासून लागू झालेल्या २०२५ च्या कायद्याने, १९६१ च्या कायद्याची भाषा सोपी केली, कलमांचे आकडे बदलले. दुकानात अजून जुनेच आकडे चालतात. भाषेबरोबर ही विषमताही काढता आली असती.

यावर एक आक्षेप येतो आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. टीडीएस हा माग काढायचं साधन आहे, खोटे फॉर्म देऊन लोक करच बुडवतील, असं कर अधिकारी म्हणतात. पण आज ती भीती आहे तेवढी मोठी नाही. पॅन आधारशी जोडलेलं आहे. २०२१ पासून वार्षिक माहिती विवरण आहे, ज्यात तुमचा पगार, व्याज, शेअर, कंत्राटाचे पैसे सगळं एका ठिकाणी दिसतं. एकाच माणसाने पाच ठिकाणी फॉर्म देऊन आठ लाख कमावले तर ते संगणकाला दिसायला वेळ लागत नाही. ज्या यंत्रणेला चूक पकडता येते तिला बेरीजही करता येते. वर्षअखेरीस या पॅनवर इतकं उत्पन्न, इतका टीडीएस, कर शून्य, बँक खातं हे, पैसे पाठवत आहोत, हरकत असेल तर कळवा, एवढाच मेसेज पाठवायचा आहे.

परदेशातली उदाहरणं द्यायचा मला सोस नाही, पण ब्रिटनमध्ये बहुतेक नोकरदार रिटर्न भरतच नाहीत. जास्त कर कापला गेला असेल तर खातं स्वतः हिशोब करून पत्र पाठवतं. आणि तिकडे कशाला, आपल्याच कायद्यात २०२१ पासून ७५ वर्षांवरच्या ज्येष्ठांसाठी अशी सोय झाली: फक्त पेन्शन आणि त्याच बँकेतलं व्याज एवढंच उत्पन्न असेल तर बँकच कर मोजते आणि आजोबांना रिटर्नपासून सुटका. ७५ वर्षांच्या पेन्शनराला जे जमतं ते २५ वर्षांच्या टायपिस्टला जमायला हरकत कसली?

हे होईपर्यंत काय, हा प्रश्न राहतो. आणि इथे दुकानांकडे परत यावं लागतं, कारण महागडेपणा फक्त फीचा नाही. दुकानदार पोर्टलवर नोंदणी करताना पुष्कळदा स्वतःचा ईमेल टाकतो, कधी मोबाइलही. पासवर्ड त्याच्या वहीत. पुढच्या वर्षी दुसरीकडे जायचं म्हटलं तर 'पासवर्ड बदललाय बहुतेक' असं उत्तर. आधारवरच्या ओटीपीने पासवर्ड नव्याने करता येतो, पण आधारला जोडलेला नंबर चार वर्षांपूर्वीच्या सिमचा, ते सिम कधीच बंद पडलेलं. म्हणजे आधी आधार केंद्र, तिथे ७५ रुपये आणि अर्ध्या दिवसाची रजा. ओटीपीअभावी आणखी एक घोटाळा होतो: रिटर्न दाखल होतं, हातात पोचपावतीची प्रिंट मिळते, गिऱ्हाईक खूश. पण दाखल केल्यापासून ३० दिवसांत ते पडताळलं नाही तर मुदतीत भरल्याचं धरत नाहीत, आणि पडताळणी झालीच नाही तर भरलं नाही असंच मानतात. ते कुणी सांगितलेलंच नसतं.

याहून वाईट म्हणजे टक्केवारीवाले. 'फी काही नको, रिफंड येईल त्यातले एवढे द्या.' मग न राहिलेल्या घराचं भाडं, न दिलेली राजकीय देणगी, कुणाच्या तरी उपचाराचा खर्च अशा वजावटी दाखवून परतावा फुगवायचा. जुलै २०२५ मध्ये आयकर विभागाने देशभरात १५० ठिकाणी याच प्रकरणी तपासणी केली. चार महिन्यांत सुमारे ४०,००० करदात्यांनी रिटर्न दुरुस्त करून १,०४५ कोटींचे खोटे दावे मागे घेतले, असं विभागानेच तेव्हा सांगितलं. हे एजंट शेकडो रिटर्नसाठी तात्पुरते ईमेल बनवतात आणि नंतर सोडून देतात, त्यामुळे नोटीस आली तरी माणसाला कळतच नाही, हेही त्याच निवेदनात होतं. उत्पन्न खोटं दाखवलं तर बुडालेल्या कराच्या दुप्पट दंड होऊ शकतो, आणि तो एजंटच्या नावाने येत नाही. फुकटचं म्हणून घेतलेलं सगळ्यात महाग पडतं ते असं.

उलट टोकाला असतात कर्जवाले. बँक दोन-तीन वर्षांची रिटर्न मागते, म्हणून उत्पन्न वाढवून दाखवायचं. म्हाडाच्या सोडतीलाही उत्पन्नाचा पुरावा म्हणून रिटर्न किंवा तहसीलदाराचा दाखला लागतो. मुंबई महानगर प्रदेशात अत्यल्प गटाची मर्यादा कुटुंबाच्या वार्षिक सहा लाखांची आहे. म्हणजे बँकेसाठी वाढवलेला आकडा म्हाडाच्या शिरढोणमधल्या घराच्या आड येऊ शकतो. एक आकडा बँकेला, एक तहसीलदाराला, एक रेशनिंगला असे दिवस आता राहिले नाहीत. पॅन आणि आधार सगळीकडे तेच.

आणि मग बायकांची भीती, जिच्याबद्दल कुणी लिहीत नाही. लाडकी बहीण योजनेच्या अटींत कुटुंबाचं उत्पन्न अडीच लाखांच्या आत आणि घरात कुणी आयकरदाता नसावा, असं आहे. त्यामुळे वस्तीत पक्कं झालंय की रिटर्न भरलं की दीड हजार बंद. कळव्याच्या त्या मुलीची आई हेच म्हणत होती: एकवीस हजारांच्या मागे लागून वर्षाचे अठरा घालवू नकोस. तिचं गणित अडाणीपणाचं अजिबात नाही. शून्य कराचं रिटर्न भरणारा 'आयकरदाता' होतो का, हे राज्य सरकारने साध्या मराठीत, एका ओळीत, अंगणवाडीच्या भिंतीवर लिहिलंय असं मी तरी पाहिलेलं नाही. केंद्राने अटल पेन्शन योजनेत २०२२ मध्ये आयकरदात्यांना नवीन प्रवेश बंद केला तेव्हा ज्याच्यावर कायद्याने कर भरायचं दायित्व आहे तो आयकरदाता, अशी व्याख्याच दिली. मंत्रालयातून तेवढं एक परिपत्रक निघालं तर कितीतरी घरांतला परतावा घरात येईल. तोवर आईचं ऐकणं हेच शहाणपणाचं ठरतं आणि सरकारकडे तिचे पैसे बिनबोभाट राहतात.

स्वस्त मदतीचा प्रयोग आपल्याकडे झालाच नाही असंही नाही. २००६ मध्ये आयकर विभागाने टॅक्स रिटर्न प्रिपेअरर ही योजना काढली होती. पदवीधरांना प्रशिक्षण द्यायचं, त्यांनी छोट्या करदात्यांची रिटर्न भरायची, फी जास्तीत जास्त २५० रुपये, आणि नवीन करदाते आणल्याबद्दल त्यांनी भरलेल्या करातला काही टक्के मोबदला सरकारकडून. कल्पना चांगली, मोबदल्याची रचना मात्र करावर बेतलेली. ज्याचा कर शून्य त्याच्यामागे धावून प्रिपेअररला काय मिळणार? गरिबासाठी योजना काढताना हिशोब महसुलाचा मांडला की असं होतं.

मला वाटतं हे काम महापालिकांनी घ्यावं. आयकर हा केंद्राचा विषय, पालिकेचा काय संबंध, असं कुणी म्हणेल. पण रिफंडचा पैसा ज्या घरात जाणार ते घर किसननगरात आहे, तुर्भे स्टोअरला आहे. ठाण्यात आणि नवी मुंबईत प्रभाग कार्यालयं आहेत, तिथे संगणक आहेत, इंटरनेट आहे. दोन्ही शहरांत वाणिज्य महाविद्यालयं आहेत, जिथे तिसऱ्या वर्षाची मुलं आयकर हा विषय पुस्तकातून शिकतात आणि प्रत्यक्ष पोर्टल न उघडता पास होतात. सीएकडे आर्टिकलशिप करणारे आहेत. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासून उभं आहे. अशा वाचनालयांचे हॉल जून-जुलैच्या रविवारी मिळू शकतात. एका टेबलावर दोन विद्यार्थी, पाच टेबलांमागे एक सनदी लेखापाल. नियम तीनच: ईमेल आणि मोबाइल गिऱ्हाइकाचाच, पासवर्ड त्याने स्वतः टाकायचा, पडताळणी झाल्याशिवाय खुर्चीवरून उठायचं नाही. अमेरिकेत अल्प उत्पन्नवाल्यांसाठी स्वयंसेवकांची अशी केंद्रं अनेक दशकं चालू आहेत आणि ती चालवणारे काही देवदूत नाहीत, प्रशिक्षण घेतलेले शेजारपाजारचेच लोक आहेत.

आणि दुकानं बंद करायची गरज नाही. सगळ्यांना रविवारी जमणार नाही, काहींना झेरॉक्सवालाच विश्वासाचा वाटतो. आपले सरकार सेवा केंद्रात उत्पन्नाच्या दाखल्याचं शुल्क ठरलेलं असतं, तसाच 'सहज'चा आणि 'सुगम'चा दर फलकावर लावायची सक्ती करा, आणि रिटर्न भरणाऱ्याचं नाव व नोंदणी क्रमांक पावतीवर येऊ द्या. टक्केवारी मागणारे आपोआप वेगळे ओळखू येतील.

खर्चाचं विचाराल तर मार्च महिन्यात मालमत्ता कर भरून घ्यायला पालिकेची केंद्रं शनिवार-रविवारी, सणाच्या दिवशीही उघडी असतात. रिक्षावर भोंगा लावून वस्तीवस्तीत सांगतात की सवलतीचा लाभ घ्या. तोच भोंगा आणि तेच कर्मचारी जुलैतल्या दोन रविवारी वापरायला नवीन तरतूद लागत नाही, सर्वसाधारण सभेचा एक ठराव लागतो.